तीन म्हातारे आणि लाल माझदा

१४ मार्च २०१९, गुरुवार. दैफल्लाहच्या कोटाच्या आतल्या खिशात सहा हजार चारशे दिनार होते. बँकेतून काढताना मी बरोबर होतो. त्या पैशांत काय घ्यायचं याबद्दल आम्हा दोघांना तिळमात्र शंका नव्हती. जुन्या गाड्या विकणाऱ्या हाजी मिफ्लेहच्या आवारात उभी असलेली लाल माझदा घ्यायची होती. ती दोनच माणसांची होती आणि तिचं छत मागे दुमडता यायचं.

आम्ही दोघे डोंगरावरच्या करक गावचे. मृत समुद्राकाठच्या मिठाच्या कारखान्यात तो मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचा आणि मी हिशेब बघायचो. सव्वीस वर्षं एकाच बसने घाट उतरलो आणि चढलो. तरुणपणी तो सैन्याच्या वर्कशॉपमध्ये होता. जे बिघडत नाही तेच घरात आणायचं, हे तिथून त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्याचा पिकअप जपानी होता, विहिरीवरचा पंप जपानी होता. लग्नसुद्धा चुलत्याच्या मुलीशी केलं. लहानपणापासून पाहिलेली, म्हणजे धोका नाही, असं तो तिच्यादेखत सांगायचा आणि ती त्याला उशी फेकून मारायची.

धाकट्या मुलीचं लग्न उरकलं तेव्हा एक दिवस बसमध्ये तो मला म्हणाला, "अबू यझन, मला आता अशी गाडी हवी की जिला मागची सीटच नाही."

शेजारी कोण बसणार, असं मी विचारलं.

"उम्म राकान," त्याने बायकोचं नाव घेतलं. "ती नाही म्हणाली तर माझा डबा."

हाजी मिफ्लेह माझदाचे सात हजार मागत होता. कमी करून घ्यायचे तर त्याच्या बैठकीत जायला हवं होतं, आणि जमिनीच्या एका जुन्या वादापासून दैफल्लाहच्या कुळाचं त्या घरी जाणंयेणं नव्हतं. एकटं जाणं त्याला बरं दिसेना. म्हणून त्याने आपल्या कुळातले तीन म्हातारे बरोबर घेतले, इस्त्रीचे झगे घातलेले. सर्वांत वडील अबू शिहादा. सहाशे दिनारांसाठी एवढा लवाजमा कशाला, असं मी म्हटलं, पण माझं कोण ऐकतो.

हाजीने उठून स्वागत केलं. कॉफी आली. अबू शिहादाने आपला पेला न पिता जमिनीवर ठेवला, त्याचं बघून बाकीच्या दोन म्हाताऱ्यांनीही ठेवले. पाहुण्याने असा पेला ठेवला की तो काही मागायला आला आहे, आणि ते मिळेपर्यंत तो पिणार नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. पण असा पेला ठेवतात तो मुलीला मागणी घालायला किंवा खुनाचा समेट करायला. जुन्या गाडीसाठी ठेवलेला मी पाहिला नव्हता. अबू शिहादाला बहुधा सवयच लागली होती.

हाजीने तीन पेल्यांकडे पाहिलं. मग दैफल्लाहकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले, ते कशाने, हे मला त्या वेळी कळलं नाही.

"प्या कॉफी," तो म्हणाला. "कशाला आलात ते मला कळलं. माझ्या भावाची ती जर्मन गाडी आजवर मी कुणाला दिली नाही. नऊ हजार देणारे परत पाठवले. पण तुम्ही तिघे माझ्या दारात आलात, तर ती तुमच्या माणसाची. खिशात जे असेल ते द्या."

ती जर्मन गाडी आवाराच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. भाऊ वारल्यापासून तिथेच. आम्ही तिच्याकडे धड पाहिलंही नव्हतं.

दैफल्लाहने तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा बोलणार. पण अबू शिहादाने "अल्ला तुझी भरभराट करो" म्हणत पेला उचललाही होता, आणि त्यापाठोपाठ दुसऱ्याने, तिसऱ्याने. दैफल्लाहने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पेल्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनीही कॉफी प्यायली.

बाहेर आल्यावर तो अबू शिहादाच्या कानाशी लागला, की काका, मला तर ती लाल हवी होती.

"मग आत जाऊन सांग," म्हातारा म्हणाला. "मेलेल्या भावाची वस्तू त्याने काढून दिली, आणि आपल्याला नको. सांग. मी गाडीत बसतो."

तो गेला नाही.

त्या संध्याकाळी तो जर्मन गाडीतून घरी आला तेव्हा उम्म राकान दारात उभी होती. लाल आणणार होतात ना, एवढंच ती म्हणाली. पुढे गावभर हाच प्रश्न. जन्मभर जपानीचे गोडवे गाणारा माणूस जर्मनकडे कसा वळला? कुणाला तो सांगायचा, बांधा मजबूत आहे. कुणाला सांगायचा, स्वस्तात मिळाली. पुतण्याला म्हणाला, मला पहिल्यापासून हीच आवडायची, आणि मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "आवडायची का रे?"

वर्षभराने एका मयतीला हाजी भेटला. दैफल्लाहने धीर करून विचारलं, की मी तर तुमच्या आवारात कायम माझदाभोवती फिरत होतो.

"म्हणूनच तर कळलं," हाजी म्हणाला. "बाजारात कुणी आपल्याला हव्या त्या गाडीपाशी उभा राहून भाव चढवून घेतो का? आणि माझदासाठी तीन म्हातारे कोण आणतं?"

हे बरोबरच होतं. दैफल्लाह स्वतःही बाजारात तसंच करतो.

माझदा जवळच्या मुअत्ता गावच्या एका औषधवाल्याने नेली. रस्त्यात ती दिसली की दैफल्लाह वेग कमी करतो, ती वळणाआड गेली की वाढवतो. गेल्या महिन्यात जर्मन गाडीचं छत उघडं टाकून आम्ही समुद्राकडे उतरत होतो; तिचंही छत दुमडतं. तो खुशीत होता, आणि आपण खुशीत आहोत याचा त्याला राग येत असावा, असं त्याच्या तोंडावरून वाटलं. मी विचारलं, आज पुन्हा दोन्ही गाड्या समोर ठेवल्या तर कोणती घेशील? त्याने पोलीस चौकीवर कागद दाखवले, गाडी पुढे काढली.

मग म्हणाला, "हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता मला काय माहीत?"

जर्मन गाडीचा विमा माझदापेक्षा महाग पडला. वरचे पैसे मी भरले होते. त्यातले बावीस दिनार त्याच्याकडून अजून यायचे आहेत.