निळ्या खिडकीचा कंपायलर

बुलढाण्याच्या ज्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते, तिथल्या लॅबमध्ये मुलांनी लिहिलेला प्रोग्राम मशीनला समजेल असा करून देणारा अजून तोच जुना, निळ्या खिडकीचा कंपायलर आहे. जगाने त्याला कधीच रामराम ठोकला, आमच्या प्रॅक्टिकलने नाही.

यंदा दोन मुलींनी मिळून प्रकल्प केला. एक वरवट बकालची, शेतकऱ्याच्या घरची. दुसरी जानेफळची, तिचे अब्बा शिलाईकाम करतात. गावाचं नाव टाकलं की एसटीची वेळ सांगणारा प्रोग्राम. विचारणारा भाग वरवटवालीने एका भाषेत लिहिला, उत्तर देणारा जानेफळवालीने दुसऱ्या भाषेत. दोन्ही जोडायला एक ठरलेला करार असतो: आत कोणतीही भाषा असो, बाहेरचं दार सगळ्यांचं एकाच मापाचं. वर्गात हे मी मोठ्या तोऱ्यात शिकवते. पण ते दार बसवतो कंपायलर, आणि ज्याचं त्याचं माप निराळं. कित्येक दिवस आम्ही तिघी एकेक कंपायलर लावून बघत होतो. शेवटी एक असा सापडला की दोन्ही भाग जुळले. दोघी लॅबमध्येच नाचल्या.

"पास झाली तं अब्बा पुढं शिकवतो म्हणते," जानेफळवाली मला म्हणाली होती. "नाही तं मामूच्या पोराले हो म्हणून टाकतीन."

परीक्षेच्या सकाळी तो कंपायलर मशीनवर चढवला. आमची मशीनं बंद होऊन चालू झाली की पूर्वीसारखी कोरी होतात, मुलांनी गेम टाकू नयेत म्हणून केलेली सोय. ती काढायचा पासवर्ड लॅबच्या सरांकडे, आणि सर निवडणुकीच्या ड्यूटीवर, फोन बंद.

बाहेरचे परीक्षक आले, चहा झाला आणि लाइट गेली. इन्व्हर्टरने मान टाकली. लाइट परत आली तेव्हा कंपायलर गायब. पुन्हा चढवायला वेळ लागणार होता आणि परीक्षकांना दुपारी चिखली गाठायची होती. माझा लॅपटॉप लावू का विचारलं, तर ते नियमात बसेना.

"जे चालतं ते दाखवा. ज्याचं चालेल त्याला मार्क," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, म्हणून भांडताही येईना.

जोडणीच्या ओळी काढल्या तर वरवटवालीचा भाग निळ्या खिडकीत एकटा चालला असता. जानेफळवालीची भाषाच त्या कंपायलरला ठाऊक नाही. वरवटवालीने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

"मॅडम, काय करू?"

मला त्या बंद फोनचा, त्या इन्व्हर्टरचा, दरवर्षी संपणाऱ्या माझ्या नेमणुकीचा संताप आला. काहीही सांगितलं असतं तरी कुणाचं तरी नुकसान होतं.

"लाव ना बाई, काऊन पाहून राह्यली?" जानेफळवाली म्हणाली, आणि माउस ओढून तिनेच निळी खिडकी उघडली.

ओळी काढल्या. प्रोग्राम चालला. पडद्यावर प्रश्न आला, कुठे जायचं आहे?

"टाका तुमचंच गाव," परीक्षक जानेफळवालीला म्हणाले. तिने जानेफळ टाइप केलं. कर्सर नुसता लुकलुकत राहिला.

"पुढे?"

"साडेतीनची आहे, सर," ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "मेहकरले गाडी बदला लागते."

परीक्षकांनी मान डोलावली आणि वरवटवालीला पुढचा प्रश्न विचारला.