भिंगताई आणि पंखाच्या फिटिंगा

विमानतळ म्हणायचं म्हणजे जरा अतीच झालं. गवताची एक लांब पट्टी, कडेला पत्र्याच्या शेडी, एक कॅन्टीन आणि वाऱ्याची दिशा दाखवायला काठीवर लावलेलं एक फाटकं कापडी नळकांडं. मोठी विमानं या जागेवरून इतक्या उंचावरून जातात की त्यांना ती जागा ठाऊक असायचंही कारण नाही. इथं उतरतात ती लहान, दोन माणसांची, लाकडी बरगड्यांवर कापड ताणून बनवलेली विमानं. बरीचशी आपल्या मालकांपेक्षा वयानं मोठी. मालक त्यांचे लाड करतात आणि ती मालकांचे खिसे रिकामे करतात. ती आजारी पडली की मधल्या शेडमध्ये येतात. तिथं ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ बसलेले असतात.

ताईंना सगळे भिंगताई म्हणत. गळ्यात दोरीला एक भिंग कायम लटकलेलं असायचं म्हणून. भावाला सगळा विमानतळ वेल्डरकाका म्हणायचा, पण ताईंसाठी तो साठी उलटल्यावरही बाळ्याच होता. आई लवकर गेली, तेव्हापासून त्यांनी त्याला वाढवलं. आधी कानामागचा मळ तपासला, मग पाढे तपासले, मग वेल्डिंग. बिचाऱ्याची तपासणीतून सुटका अशी कधी झालीच नाही.

ही वाटणी वडिलांनी करून दिलेली. धाकट्याचे हात आणि थोरलीचे डोळे. करील त्यानं तपासायचं नाही, हा त्यांचा नियम, आणि तो मोडलेला त्यांना खपत नसे. कारण साधं होतं. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, हे पोरांइतकंच वेल्डिंगलाही लागू आहे. स्वतःच्या कामातली खोट माणसाला दिसत नाही, आणि दिसलीच तर ती नक्षी वाटते. म्हणून बाळ्यानं घडवायचं आणि ताईंनी बघायचं. पसंत पडलं तर पोलादी खिळ्यासारखा एक ठसा त्यावर ठेवून हातोडीनं एकच टोला मारायचा. तो ठसा उमटल्याशिवाय शेडमधून साधी बिजागरीसुद्धा बाहेर गेली नव्हती.

ताईंचा ठसा मिळवणं म्हणजे वाघाच्या तोंडातून घास काढणं. 'इथं घास', 'तिथं पुन्हा कर', 'हे काय, चिखल थापलायस का?' अशी त्यांची भाषा. बाळ्या चडफडायचा, हातमोजे आपटायचा आणि पुन्हा करायचा. दुसऱ्या वेळेला ते आधीपेक्षा चांगलं व्हायचं, याचाच त्याला जास्त राग यायचा.

तर अशा या ताईंचे डोळे दगा द्यायला लागले होते. सरळ बघितलं की मधोमध धुरकट डाग. कडेचं मात्र स्वच्छ. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग झिजतोय, चष्म्यानं काही व्हायचं नाही. ताईंनी ते ऐकलं, डॉक्टरांच्या फाटकाचं बिजागर सैल आहे असं त्यांना उलट सुनावलं आणि घरी येऊन कुणालाही काही सांगितलं नाही. मान जरा तिरपी करून बघितलं की भागत होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. डोळे गेले तर भिंगताईतलं भिंग जाणार, मागं नुसती ताई उरणार, आणि नुसती ताई असणं त्यांना कधी जमलं नव्हतं. त्याची त्यांना खरोखर भीती वाटायची.

अशातच दातांचे डॉक्टर आपलं विमान ढकलत घेऊन आले. या विमानाला सगळे आजीबाई म्हणत. डॉक्टरांनी उतरताना आजीबाईंचं चाक गवतातल्या एका चरात घातलं होतं.

"फार काही नाही झालं," डॉक्टर म्हणाले. "जरासा हिसका बसला."

"तुमच्या खुर्चीत बसवून तुम्हीही असंच सांगता," ताई म्हणाल्या. "जरासं दुखेल."

पंखाच्या पोटाखालून एक दांडी तिरकी खाली येते आणि विमानाच्या कुशीला टेकते. तिला स्ट्रट म्हणतात. तिच्या टोकाशी पोलादी पत्र्याचे दोन कान असतात आणि त्यांच्या भोकांतून एक बोल्ट जातो. ही झाली फिटिंग. तळहाताएवढीसुद्धा नसते, पण अख्खा पंख तिच्या जिवावर असतो. बाळ्यानं डावीकडचा बोल्ट काढला तर भोक लांबट झालेलं, एक कान वाकलेला आणि वेल्डच्या कडेला चांगला दिसेल असा तडा. उजवीकडची उघडली तर आत गंजानं घर केलेलं.

"दोन्ही नव्या करायला लागतील," बाळ्या म्हणाला.

"सासूबाईंना बसवायचंय हो," डॉक्टर काकुळतीला आले. "ऐंशी वर्षांच्या झाल्या. एकदा वरून घर बघायचंय म्हणतात."

"जावयानं सासूला विमानात बसवायचं म्हणजे दोन्ही नव्याच हव्यात," ताई म्हणाल्या. "नाहीतर लोक काय म्हणतील?"

बाळ्या कामाला लागला. पोलादाच्या पत्र्याला लाकडासारखीच एक रेघ असते. रेघेला आडवं वाकवलं तर तो ऐकतो, रेघेच्या दिशेनं वाकवलं तर वाकल्या जागी तडकतो. बाळ्यानं पत्रा उजेडाला धरून रेघ हेरली, कान कापले, गोल कडेच्या ठोकळ्यावर हळूहळू वळवले. भोकं आधी लहान पाडली आणि मग कोरत कोरत बोल्टाच्या मापाला आणली. वेल्ड केल्यावर त्यानं वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून शेडचं दार लावून घेतलं आणि तुकडे आपल्याआपण निवू दिले. त्या वेळी तो कुणाशी बोलत नसे. तान्हं मूल नुकतंच झोपलंय अशा चेहऱ्यानं बसून राहायचा.

दुसऱ्या दिवशी घरी कपडे वाळत घालताना भावजय ताईंना म्हणाली, "वन्सं, तुमचं ते लाल पाणी यांच्या बनियनला कसं लागलं हो? किती घासलं, जातच नाही. आणि हे पहिल्यांदा नाही, बरं का."

ताईंच्या हातातला चिमटा तसाच राहिला. लाल पाणी म्हणजे तडा शोधायचा रंग. तो तुकड्यावर लावायचा, पुसून टाकायचा आणि वरून पांढरी पावडर फवारायची. कुठं बारीक तडा असेल तर त्यात लपून बसलेला लाल रंग पाझरून वर येतो आणि पावडरीवर रेघ उमटते. हे काम तपासणाऱ्याचं. रंगाचा डबा ताईंच्या कपाटात असायचा आणि बाळ्याला त्या कपाटाशी काही काम नव्हतं.

त्या तडक शेडमध्ये गेल्या.

"बाळ्या, माझं कपाट कोण उघडतं?"

"कुठलं कपाट?"

"लाल रंगाचं."

बाळ्यानं हातातली कानस खाली ठेवली. "बायकोनं सांगितलं?"

"तुझ्या बनियननं सांगितलं. किती दिवस चाललंय हे?"

त्यानं हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "त्या ग्लायडरच्या शेपटीचा कान आठवतो? तू बघितलास, ठसा मारलास. बसवताना माझ्या नखाला काहीतरी अडलं. बघतो तर तडा. केसाएवढा. मग मी दुसरा केला आणि जोडीचा म्हणून तुझ्याकडून ठसा मारून घेतला."

"आणि मला बोलला नाहीस."

"काय बोलणार? तेव्हापासून आधी मीच बघतो आणि मग तुझ्यापुढं ठेवतो. तू कोंबडीसारखी मान वाकडी करून बघतेस, ताई. सगळ्यांना दिसतंय."

ताई स्टुलावर बसल्या. राग आला होता, पण तो बाळ्यावर काढण्यासारखा नव्हता, आणि असा राग त्यांना सवयीचा नव्हता. तडकलेल्या शेपटीवर कुणीतरी उडालं असतं. कुणाचातरी बाळ्या.

"हे बघ," तो जवळ येऊन म्हणाला, "या दोन्ही फिटिंगा चांगल्या आहेत. मी रंग लावून दोनदा बघितल्यात. आईशपथ. तू नुसता ठसा मार. पुढंही असंच करू. कोणाला कळणार आहे?"

त्यानं ठसा त्यांच्या हातात दिला, हातोडी दिली, फिटिंग ऐरणीवर ठेवली. ताईंनी ठसा टेकवला. एक टोला मारला की सगळं होतं तसं राहणार होतं. सकाळी शेड उघडायची, बाळ्याला फैलावर घ्यायचं, दुपारी कॅन्टीनचा चहा, सगळं.

"उद्या बघू," त्या म्हणाल्या आणि ठसा खिशात घालून घरी गेल्या.

सकाळी डॉक्टर सासूबाईंना घेऊनच हजर. सासूबाई चणीनं एवढ्याशा, बसायची उशी काखेत मारून आलेल्या. त्यांनी आजीबाईंभोवती एक फेरी मारली, स्ट्रटवर बोटानं टकटक केलं आणि ताईंना विचारलं, "हे घट्ट राहील ना हो?"

बाळ्या घाईघाईनं म्हणाला, "नवं केलंय, आजी. अगदी कोरं."

"तुम्ही नव्हे, यांना विचारतेय. जावई सांगत होते, सगळं या बघतात." आणि ताईंकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही बघितलंत ना? मग झालं. मला दुसरं काही विचारायचं नाही."

ताईंनी गळ्यातल्या भिंगाची दोरी चाचपली.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी बघितलेलं नाही. मला बारीक दिसतच नाही आता. पलीकडच्या विमानतळावरचा तपासनीस बोलवा, त्यानं बघितल्याशिवाय यात बसू नका."

बाळ्या हातमोजे आपटून शेडमागं निघून गेला. सासूबाईंनी मात्र उशी दुसऱ्या काखेत घेतली. "मग मी पुढच्या आठवड्यात येते. घर काही कुठं पळून जात नाही," त्या म्हणाल्या, आणि जाता जाता ताईंच्या दंडावर हात ठेवून गेल्या.

तपासनीस आला तो दोन दिवसांनी. ताई शेडमध्ये गेल्याच नाहीत. बाहेर बाकावर बसून राहिल्या, जणू आत कुणाचं ऑपरेशन चाललंय. बऱ्याच वेळानं बाळ्या बाहेर आला आणि शेजारी बसला. डावीकडची फिटिंग त्याच्या हातात होती.

"झालं. दोन्ही पास केल्या त्यानं."

"काय म्हणाला?"

"काय म्हणणार? ठसा मारला, चहा प्यायला, गेला."

"मग तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

"त्याच्यासाठी केल्या नव्हत्या मी," बाळ्या म्हणाला. मग फिटिंगकडं बघतच त्यानं विचारलं, "ताई, तू आता तपासणारी नाहीस ना? मग आता तरी सांग. जन्मभर नुसतं घास आणि पुन्हा कर. कशी झालीय?"

ताईंनी फिटिंग मांडीवर घेतली. मान तिरपी केली नाही. सरळ बघितलं, तिथं राखाडी डागापलीकडं काही नव्हतं. अंगठा वळणावरून फिरवला, वेल्डच्या कडेनं नेला, भोकाच्या काठावर दोनदा गोल फिरवला.

"सुरेख झालीय," त्या म्हणाल्या. "बाळ्या, फार सुरेख झालीय रे."

बाळ्यानं फिटिंग त्यांच्या मांडीवरून उचलून पुसली. मग तो म्हणाला, "तुला तर दिसतसुद्धा नाही."

"म्हणून तर म्हणते," ताई म्हणाल्या. "दिसत असतं तर खोट काढली असती."