लू वेनछिनच्या गोष्टीचा शेवट

कॅनडात टोरांटोजवळच्या मिसिसागातल्या एका जुन्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, लू वेनछिनची ओळख भांडखोर बाई अशीच होती. लिफ्ट बंद पडली की मॅनेजरच्या ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटणारी, बस स्टॉपच्या पुढे जाऊन थांबली तर ड्रायव्हरला तिथल्या तिथे सुनावणारी. पन्नाशीची, केस कानापर्यंत कापलेले, इंग्रजी तुटक पण आवाज खणखणीत. एटोबिकोतल्या एका रंगाच्या कारखान्यात ती लॅबमध्ये काम करते, एवढंच लोकांना ठाऊक. ती लेखिका आहे हे माधवीला कळलं, तेही तिच्या चिडण्यातूनच.

माधवी मूळची नागपूरची, सॉफ्टवेअरमधली, लूच्याच मजल्यावर राहणारी. २००५ च्या हिवाळ्यात दोघी लॉन्ड्री रूममध्ये कपडे वाळायची वाट बघत बसल्या होत्या. माधवीच्या हातात अंतराळप्रवासाची एक कादंबरी होती. लूनं ती मागून घेतली, चार पानं चाळली आणि फटकन परत दिली.

"ग्रहावर हवा नाही म्हणतो, आणि झेंडा फडफडतोय!"

"तुम्हाला यातलं कळतं?" माधवीनं हसून विचारलं.

"मी हेच लिहायचे. लिहू दिलं नाही."

लू चीनमधल्या लानचौची. पीत नदीवरच्या एका धरणावर ती इंजिनियर होती. पाण्यात किती गाळ येतो ते मोजायची. कामावरून आल्यावर मुलांच्या विज्ञान मासिकासाठी गोष्टी लिहायची. त्यातली एक तिची स्वतःची लाडकी. दूरच्या एका ग्रहावर धरण बांधलेलं असतं, पण ज्यांच्यासाठी बांधलं ती माणसं कधी येतच नाहीत. एक म्हातारी इंजिनियर एकटीच दरवाज्यांची देखभाल करत राहते. शेवटी ती सगळे दरवाजे उघडते, नदीला तिच्या वाटेनं जाऊ देते आणि पाण्याच्या कडेकडेनं चालू लागते. बस, एवढीच गोष्ट.

त्र्याऐंशी साली हवा पालटली. विज्ञानकथांनी पोरांची डोकी बिघडतात असं वर्तमानपत्रांतून यायला लागलं, मासिकं बंद पडली. ऑफिसच्या सभेत साहेबानं लूला उभं केलं.

"म्हातारी दरवाजे उघडते म्हणजे नेमकं काय सुचवायचंय तुला?"

"पाणी सोडते ती."

कुणाचाच विश्वास बसला नाही. चाळीस सहकाऱ्यांसमोर तिला म्हणावं लागलं की माझं चुकलं. ज्या मैत्रिणीनं ती गोष्ट आपल्या मुलीला तीनतीनदा वाचून दाखवली होती, ती खाली मान घालून बसली होती. त्यानंतर लूनं वर्षानुवर्षं लिहिलं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नवरा-बायकोनी कॅनडाला अप्लाय केलं, रीतसर इमिग्रेशनचे पॉइंट्स जमवले, आले. नवऱ्याला इथली थंडी आणि इथलं काम दोन्ही मानवलं नाही. तो परत गेला. लू राहिली, आणि इथे आल्यावर तिचा हात पुन्हा चालायला लागला.

लॉन्ड्री रूममधल्या त्या ओळखीनंतर माधवी तिला लूताई म्हणू लागली. ताई म्हणजे काय ते लूनं नीट विचारून घेतलं आणि मग "चालेल" म्हणाली. दर रविवारी दोघी बसायच्या. लू आपल्या गोष्टी इंग्रजीत सांगायची, माधवी वाक्यं नीट करायची, मध्ये पोहे आणि भांडणं. असं करत करत पुस्तकभर गोष्टी झाल्या. टोरांटोतल्या एका छोट्या प्रकाशनानं त्या घेतल्या. ग्रॅहॅम नावाचा संपादक फार गोड बोलायचा. "थोडं एडिटिंग करू," एवढंच तो म्हणाला.

२००९ च्या ऑक्टोबरात प्रकाशनाचा कार्यक्रम झाला. लूनं पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं ते तिथेच. मुखपृष्ठावर काटेरी तारांचं कुंपण. मागच्या बाजूला लिहिलेलं, लेखिका जीव मुठीत धरून देशातून निसटली. लूनं ते दोनदा वाचलं. मग ती शेवटच्या गोष्टीकडे, आपल्या लाडक्या धरणाच्या गोष्टीकडे वळली. गोष्टीत बंदूकवाले पहारेकरी आले होते. म्हातारी दरवाजे उघडते आणि ते तिला गोळ्या घालतात.

"हे कुणी लिहिलं?" तिनं ग्रॅहॅमला विचारलं.

"इथल्या वाचकाला संदर्भ लागतो, वेनछिन. तुझ्या मनात हेच होतं ना? फक्त तेव्हा तुला उघड बोलता आलं नसेल."

"माझ्या मनात काय होतं ते तू मला सांगणार?"

"आपण नंतर बोलू. लोक थांबलेत."

लोक थांबलेच होते. लू माइकपुढे गेली. पुस्तक तिनं मिटून बाजूला ठेवलं आणि आपल्या तुटक इंग्रजीत खरा शेवट तोंडानं सांगितला. मग म्हणाली, "तिकडे मला सांगितलं, यात राजकारण आहे, लिहू नको. इकडे सांगतात, यात राजकारण नाही, म्हणून आम्ही घालतो. मी पळून आले नाही. विमानाचं तिकीट काढून आले. माझी म्हातारी मेलेली नाही."

सभागृहातल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. किती धीराची बाई, असं पहिल्या रांगेतली एक जण डोळे पुसत म्हणाली. माधवीला त्या टाळ्यांचाच सगळ्यात जास्त संताप आला. एवढं स्वच्छ सांगितलं, तरी यांच्या कानांत जे शिरायचं तेच शिरलं!

लूनं पुस्तक मागे घ्यायला सांगितलं. प्रकाशनानं करारावर बोट ठेवलं. परीक्षणं आली आणि त्यांत नेमकी त्या गोळीबाराचीच स्तुती. एका बक्षिसाच्या यादीत नाव लागलं, तेव्हा लूनं फोनवर सांगितलं, "ज्यानं तो शेवट लिहिला त्याला द्या." ती गेली नाही. पुढे एका चर्चासत्राचं बोलावणं आलं, विषय होता दडपलेले आवाज. "कुणी दडपले त्यावर बोलू?" तिनं विचारलं. पलीकडची मुलगी उत्साहानं हो म्हणाली. "मग ग्रॅहॅमलाही बोलवा," असं म्हणून लूनं फोन आपटला.

रविवार मात्र थांबले नाहीत. २०१२ मध्ये माधवीनं तिची एक नवी गोष्ट व्हँकुव्हरच्या एका लहानशा विज्ञानकथा मासिकाला पाठवली. दूरच्या एका ग्रहाच्या उपग्रहावरच्या कालव्याची गोष्ट होती ती. संपादकाचं उत्तर आलं. तिचा जन्म, तिचा देश, तिचे हाल, कशाबद्दल एक अक्षर नाही. त्यानं विचारलं होतं: तुमच्या उपग्रहावर गुरुत्वाकर्षण इतकं कमी आहे, तर गाळ इतक्या लवकर खाली कसा बसतो?

"मला गाळ शिकवतो हा?" लू कडाडली. मग कागद ओढून गणित मांडायला बसली. माधवीनं दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तो निवला. अखेर लूनं पेन खाली ठेवलं.

"त्याचं बरोबर आहे. माझं चुकलं."

असं म्हणताना तिचा चेहरा इतका उजळला होता की माधवी बघतच राहिली.

"तीस वर्षं झाली, माधवी," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात पुन्हा तोच जुना राग आला, "तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला गोष्टीबद्दल विचारलं."

तिनं तो भाग नव्यानं लिहिला. मासिकानं गोष्ट छापली, एकही शब्द न बदलता.