तांबडीच्या खालचा आवाज

अकरावीच्या वर्गात खडकांचे प्रकार शिकवत होते, तेव्हा संगीतावहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या शेवंताआत्याची सून. "ताई, आई गेल्या..." एवढंच बोलली. फळ्यावर 'अग्निजन्य' हा शब्द अर्धाच राहिला. आज सव्वा महिना झाला त्याला.

आत्या मांडवगण फराट्याची. विहिरी खोदणाऱ्या टोळीत तिने कितीतरी वर्षं डोक्यावरून दगडमाती वाहिली. शाळा पाहिली नव्हती, पण जमिनीचे थर तिला तोंडपाठ. वर पोयटा, मग मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा कुजत आलेला खडक, आणि त्याखाली काळा पाषाण. दोन पाषाणांच्या मध्ये कधी विटेसारखी लाल माती लागते, तिला ती 'तांबडी' म्हणायची. "तांबडी लागली की वरच्या दगडाला पाय ऱ्हात न्हाईत," असं सांगायची. एम.एस्सी.ला हेच मी अर्धं पान पाठ केलं होतं.

राहू गावच्या एका मळ्यात विहीर चालू होती. आत्याचे यजमान, ज्यांना मी मामा म्हणायचे, तळाशी पहार चालवत होते. तांबडी उघडी पडली होती. आत्याने कडेच्या खडकावर गोटा मारून पाहिला. नेहमी खणखणणारा दगड त्या दिवशी भद्द वाजला. ती ओरडली, "सगळी वर या! दगड मुका झालाय!" मुकादम चिडला, पण माणसं वर आली. मामाही आले होते... पहारी राहिल्या म्हणून पुन्हा उतरले. तेवढ्यात एका बाजूची कड सुटली.

माती उपसायचं मशीन यायला वेळ लागला. तोवर आत्या काठाच्या खडकाला कान लावून बसली होती. आतून ठोके येत होते. तीन ठोके, शांतता, पुन्हा तीन. ती वरून गोट्याने उत्तर देत राहिली. दिवेलागणीला ठोके थांबले. दुसऱ्या दिवशी मामांना बाहेर काढलं.

तिने ते काम सोडलं. पुढे बऱ्याच वर्षांनी मुलांसाठी मी खडकांच्या शब्दांची यादी करायला घेतली, पुस्तकातला शब्द आणि शेजारी आत्याचा. नमुने हवे होते, म्हणून तिला विचारलं. ती स्वतःच म्हणाली, "राहूला चल."

भर दुपार होती. अर्धवट विहीर तशीच पडून होती, काठावर बाभळी माजल्या होत्या. आत्याने गोटा उचलला, खडकावर ठोकला आणि मला कान लावायला सांगितलं. मी ऐकलं. ठक, ठक, ठक... लांबून, खालून.

"प्रतिध्वनी आहे आत्या," मी म्हणाले. "आत भेगा असतात, पोकळ्या असतात. आवाज फिरून येतो."

"आसंल की. तू शिकल्याली हायस." तिने गोटा खाली ठेवला. "पण म्या दोनदाच ठोकलं व्हतं."

मी काहीतरी बोलायचं म्हणून वही उघडून विचारलं, "याला तुमच्यात काय म्हणतात?"

ती जरा लाजल्यासारखी हसली. "मी नाव घेत न्हाई त्यांचं."

यादीत ती जागा मी कोरी सोडली.

आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या दिवशी माणसं पांगल्यावर वहिनी मला आत्याच्या खोलीत घेऊन गेली. शेवटचा महिनाभर आत्या कॉटवर झोपलीच नव्हती. खिडकीखालच्या फरशीवर उजवा कान टेकून पडून राहायची, मधेच नखाने टकटक करायची. आम्ही म्हणालो, वय झालं. राहूची ती विहीर तिथून भीमा नदीच्या पलीकडे, कित्येक कोसांवर. वहिनीने त्या जागेवर अजून काही ठेवलेलं नव्हतं. खोलीभर सामान, आणि तेवढी एक फरशी मोकळी.

मी गुडघ्यावर बसले, कान लावला. फरशी गार होती. बराच वेळ तशीच राहिले.

"काय येतंय का ऐकू, ताई?" दारातून वहिनीने विचारलं.

"नाही गं. काहीच नाही."

"व्हय ना?" ती पदर सावरत हळूच म्हणाली. "मलाबी न्हाई येत. आई गेल्या, त्या दिवसापासनं बंदच झालंय."