अर्ध्या पंखाची दुरुस्ती

मंडळी, आज आमच्या इथल्या द्वारका चौकात फ्लेक्सच्या दुकानात माझे दोन तास एका विमानाच्या पंखावरून भांडण्यात गेले.

आमच्या शेजारचे दत्ताकाका तरुणपणी विमान कंपन्यांच्या जाहिराती रंगवायचे. आता वय शहाऐंशी. उद्या सकाळी त्यांचं आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन आहे. मूळ चित्रं कधीच गेली, फोटो तेवढे उरलेत. त्यातलं सर्वांत सुंदर मी मोठं छापायला दिलं होतं. कागदभर रिकामं निळं आकाश आणि वरच्या कोपऱ्यातून निसटणारं विमान. त्याचा एक पंख कागदाच्या कडेला कापलेला. सगळा वेग त्या कापण्यात आहे.

छापून आलं ते दोन्ही पंखांचं, मधोमध आणून बसवलेलं विमान.

"मॅडम, पंख कट होत होता, म्हणून कम्प्लीट करून दिला," ऑपरेटर म्हणाला.

"अहो, तो मुद्दाम कापलाय!"

"लोक म्हणतील प्रिंटिंग चुकलं. नाव आमचं खराब होतं. आणि खाली एवढी जागा मोकळी आहे, शुभेच्छुक टाकू का?"

शेवटी शेजारी बसून जसंच्या तसं छापून घेतलं.

घरी काकांना तणतणत सांगितलं, तर ते हसले. "अगं, कंपनीचा साहेबही हेच म्हणाला होता. आमच्याकडे अख्खं विमान आहे, तुम्ही अर्धं का दाखवता?"

"मग?"

"मग काय, पुढे सगळी अख्खीच काढली. हे एकच चित्र भांडून वाचवलं."

तुम्ही मुद्दाम केलेलं काही कुणी चूक समजून 'दुरुस्त' केलंय का? सांगा. माझा राग अजून उतरलेला नाही.