आरसा आधी मोठ्यांच्या हातात

बी.एस्सी. करून तुमसरला दातांच्या दवाखान्यात असिस्टंट म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी नियम सांगितला. "कॅप की इम्प्लांट, हे खुर्चीतल्या पेशंटला नाही, सोबतच्या मोठ्या माणसाला विचारायचं. आरसाही आधी त्यांच्याच हातात द्यायचा. अन् काहून म्हणून विचारू नको."

मी विचारलं नाही. असा नियम पाळला की किस्से आपोआप साचतात, दातांवर कीट साचावं तसे.

सिहोऱ्याची एक सून आली. दाढ फुटलेली. डॉक्टरांनी विचारलं, "खूप दुखते का?"

"जास्त नाही दुखत," सासू म्हणाली.

सुनेच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"ते त तिची सवयच हाय."

करडीचे सत्तरीचे आजोबा आले, तेव्हा वाटलं, आता तरी पेशंटलाच विचारता येईल. "थांब बाई," ते म्हणाले, "माहा थोरला भाऊ गाडी लावून राहिला."

अड्याळचे एक काका बायकोला घेऊन आले. काकूंच्या दाढेचं मूळ चांगलं होतं. रूट कॅनाल करून वर कॅप बसवली की झालं. काकांना पटेना. त्यांच्या साळ्याला इम्प्लांट बसलं होतं.

"त्याले हाडात स्क्रू, अन् आमाले नुसती कॅप?"

"त्यांचा दात मुळासकट गेला होता," डॉक्टर म्हणाले.

"मंग हिचाबी काढा."

डॉक्टरांनी समजावून पाहिलं, मग काढला. काका बाहेर गेल्यावर काकूंनी मला हळूच विचारलं, "चांगला होता का व तो?"

मी ट्रे धुवायला घेतला.

गेल्या महिन्यात मीच स्कूटीवरून पडले. समोरचा दात अर्धा तुटला. एक्स-रेत मूळ शाबूत दिसलं. पण घरी पाहुणे मला पाहायला येणार होते, म्हणून बाबा, आत्या आणि बाबांचे थोरले भाऊ मोठेबाबा, तिघंही दवाखान्यात आले.

"लग्नात लाडू खाताना कॅप निघाली त?" आत्या म्हणाली.

मोठेबाबांनी निकाल दिला. "मुळासकट काढा. स्क्रूवालाच बसवा. टाइम लागते त लागू द्या. पाहुण्याइले सांगू, पोरीची परीक्षा हाय, मंग या."

बाबांनी मान हलवली. माझ्या तोंडात कापूस होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "काढू मग?" त्यांनी मोठेबाबांना विचारलं.

मी कापूस काढून ट्रेमध्ये टाकला. "नाही."

"मोठ्याइच्या मधात बोलू नये," आत्या म्हणाली.

"दात माझा हाय, आत्या. चांगलं मूळ मी उपटू देणार नाही. कॅपच बसवा. पाहुण्याइले मीच सांगीन, हा दात कॅपचा हाय म्हणून."

मोठेबाबांनी हात पुढे केला. "आरसा दे इकडे."

आरसा माझ्या मांडीवर होता. मी तो उचलला.

"आधी मी पाहते."

मी पाहत राहिले.