तीन तोंडांचा आटा

दत्ताराम परब एका सोमवारी सकाळी बोरिवलीतल्या राहत्या घरी चहा घेता घेता गेले. त्याला आता सहा आठवडे झाले. वय त्र्याहत्तर. व्यवसायाने टर्नर, लेथवर पोलादी दांड्यांना आटे, म्हणजे स्क्रूचे वळसे, पाडणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मला ते दत्ताकाका, माझ्या बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र. निरोप आला तेव्हा मी अंधेरीच्या कार्यालयात कुणा दुसऱ्याच्या मृत्यूची बातमी तपासत होते. बाबांना मुलुंडला फोन केला. ते म्हणाले, “बरं.” मग, “चहा संपवला होता का गं त्याने?” मी म्हटलं, माहीत नाही. ते खरंच मला माहीत नव्हतं.

दोघेही मालवणकडचे. मुलुंडमधल्या एका कारखान्याच्या गाळ्यात बरोबरीने कामाला लागले. काका लेथवर, बाबा फिटर. काकांनी बनवायचं, बाबांनी बसवायचं. मी सहावीत असताना काकांनी मला आटा म्हणजे काय ते शिकवलं. वहीचा कागद तिरका कापून त्रिकोण केला, तिरकी कड लाल पेन्सिलीने रंगवली आणि कागद पेन्सिलीभोवती गुंडाळला. लाल रेघ पेन्सिलीला वळसे घेत वर चढली. “बघ, हो घाट,” ते म्हणाले. “डोंगराभोवती रस्तो फिरवलो की झालो आटो.” सौम्य घाटाला वळणं जास्त लागतात, वेळ जास्त लागतो, पण गाडी मध्येच उभी केली तरी मागे घसरत नाही. स्क्रूचंही तसंच. चढ कमी असेल तर घर्षणच भार धरून ठेवतं. माणसाने हँडल सोडलं तरी टन-दीड टनाचं ओझं जागच्या जागी थांबतं. मोटार उचलणारा जॅक म्हणूनच माणूस चाकाकडे वळला तरी खाली येत नाही. “स्क्रूवर ठेवलेलं वजन झोपतं,” हे त्यांचं वाक्य. आणि चढ वाढवायचा असेल तर? एकाच दांड्यावर दोन-तीन आटे शेजारी शेजारी पाडायचे. मग एका फेऱ्यात दुप्पट-तिप्पट उंची मिळते. पण असा स्क्रू भार नीट धरत नाही, हादरा बसला की उतरतो, त्याला वेगळा ब्रेक लागतो. तो ओळखायचा कसा, हेही त्यांनीच सांगितलं: दांड्याच्या टोकाकडे बघायचं आणि आटा जिथून सुरू होतो ती तोंडं मोजायची.

एकवीस वर्षांपूर्वी बाबा भावाच्या मुलीच्या लग्नासाठी पंधरा दिवस गावी गेले होते. परतल्यावर पहिल्याच सकाळी गाळ्यातल्या उचलटेबलावर साचा चढवलेला होता. हे टेबल म्हणजे उभ्या स्क्रूवर वरखाली होणारा लोखंडी पाट. बाबांनी टेबल जिच्यावरून सरकतं ती पट्टी पुसायला उजवा हात टेबलाखाली घातला. टेबलाला टेकू लावला नव्हता. तिथे कुणीच कधी लावत नसे, कारण स्क्रू धरतो हे सगळ्यांना माहीत होतं. शेजारचा प्रेस सुरू झाला, जमीन हादरली आणि टेबल खाली आलं. बाबांची तीन बोटं गेली.

तपासणीसाठी सरकारी माणूस आला तो अपघाताच्या तिसऱ्या दिवशी. टेबलात एकेरी आट्याचा, म्हणजे एकाच तोंडाचा, स्क्रू होता. जबाबात दत्ताकाकांनी लिहून दिलं की आपण बनवलेल्या स्क्रूत दोष नाही, कामगाराचा खांदा हँडलला लागला असावा. अहवालात तेच आलं. बाबांचं काम सुटलं. पण त्यांना खरा त्रास कामाचा नव्हता. त्यांना खांदा लागल्याचं आठवत नव्हतं. फिटर माणूस, हिशेब जुळत नव्हता.

काका दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बस बदलत बोरिवलीहून मुलुंडला येत. येताना मालवणचं गोड खाजं, कधी सुके बांगडे. मी बातमीदारीत आल्यावर मला चिडवत, “काय बातमीदारबाई, आज कोणाची वाट लावलीत?” बाबांना एका हाताने नारळ, भोपळा धरता येत नाही हे पाहून त्यांनी स्वतः एक छोटा शेगडा बनवून बाल्कनीतल्या कट्ट्याला बसवला. त्याचे दोन लोखंडी जबडे स्क्रूने जवळ येतात आणि वस्तू पकडतात. चौकोनी, एकेरी आटा. एकवीस वर्षांत तो एकदाही ढिला पडलेला नाही. बाबा त्यात नारळ धरत आणि वर्षातून एकदा तरी तोच विषय काढत.

“दत्ता, एका धक्क्यात वीतभर खाली येतला काय रे टेबल?”

“खांदो लागलो असतलो, मधू. एकेरी आटो आपणहून कधी उतरता काय?”

“तां खरां.”

“मग? सोड तां. नारळ खव.”

हा संवाद मी स्वतः निदान दहा वेळा ऐकला आहे. एकदा बाबांनी त्यांची माफीही मागितली, माझ्या चुकीने तुझ्या कामाकडे बोट दाखवलं गेलं म्हणून. काकांनी मान हलवली. पेल्यातला चहा बशीत ओतला. तेव्हा मला तो मोठेपणा वाटला होता.

तेराव्यानंतर शालिनीकाकूंनी, काकांच्या पत्नीने, मला बोरिवलीला बोलावलं. माळ्यावरून उतरवलेली तेलकट सुती गुंडाळी जमिनीवर होती. “तुझ्या बाबांना द्यायचं आहे. माझ्यामागे मधूकडे पोचव, असं म्हणाले होते.”

आत हातभर लांब स्क्रू होता, त्यावर गनमेटलचा, पितळेसारख्या धातूचा, जड नट. टोकावर काकांचा नेहमीचा ठसा, द. प., आणि टेबलाचा क्रमांक. मी तोंडं मोजली. एक, दोन, तीन. पुन्हा मोजली.

“हा टेबलातला?”

“हो. तुझे बाबा गावी होते तेव्हा बसवला. मालकाला घाई होती, वर न्यायला फार फेरे लागतात म्हणाला. ब्रेक नंतर बसवायचा होता, तो राहिला. अपघातानंतर तपासणीवाला यायच्या आधी ह्यांनी जुना परत चढवला.”

“तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?”

“त्याच दिवसापासून.”

“काकू, बाबा एकवीस वर्षं स्वतःला दोष देतायत.”

“मला काय कळत नाही? दर वेळी सांगून येतो म्हणून निघायचे, गं. आणि खाजं देऊन परत यायचे.”

स्वतः जिवंत असताना त्यांनी हा स्क्रू दिला नाही. प्रश्न विचारायला समोर कुणी उरणार नाही, इतकं थांबून मग तो पाठवला. मी तो अंधेरीला माझ्या घरी आणला. चार दिवस कपाटात ठेवला. बाबांना त्यांची बोटं का गेली ते कळलं, तर त्यांचा मित्रही जाणार होता. न सांगितलं, तर काकांचं काम मी पुढे चालवणार होते. पाचव्या दिवशी, रविवारी, मी मुलुंडला गेले.

बाबांनी गुंडाळी डाव्या हाताने सोडली. टोकाकडे पाहिलं. अंगठ्याने तोंडं चाचपली. उठून बाल्कनीत गेले, शेगड्याचे जबडे उघडले, स्क्रू उभा धरला आणि आवळला. आट्यांवर तेल सोडलं. नट वरच्या टोकाला नेला आणि हात काढून घेतला.

नट आपणहून फिरत खाली आला. बाबांनी तो पुन्हा वर नेऊन सोडला. तो पुन्हा खाली आला.

स्क्रू अजून त्याच शेगड्यात उभा आहे. शेगडा ढिला पडलेला नाही.